अलायनरची शीट: पाकिटावरचा आकडा आणि दातावरचा जोर

तारेऐवजी पारदर्शक अलायनर लावून दात सरळ करून घेणारे आता सांगली-मिरजेत आणि साताऱ्यातही बरेच झाले आहेत. या वेळच्या पत्रांत रुग्ण आहेत, पालक आहेत, लॅबवाले आहेत आणि दंतवैद्यकाचे विद्यार्थीही. प्रश्न वेगवेगळे असले तरी बहुतेक एकाच जागी येऊन थांबतात: हे प्लॅस्टिक तोंडात नेमकं कसं वागतं? म्हणून हा भाग त्यालाच दिला आहे. सारख्या आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न: नवा अलायनर लावला की पहिले दोन दिवस दात आवळून धरल्यासारखे वाटतात. तिसऱ्या दिवसापासून काहीच वाटत नाही, ट्रे सहज निघतो, सहज बसतो. डॉक्टरांनी दहा दिवसांनी बदलायला सांगितलंय. ढिला झालाच आहे तर पुढचा पाचव्या दिवशी लावला तर काय बिघडलं? (विटा)

बिघडेल. तुम्हाला जे ‘ढिलं’ वाटतंय ते दोन कारणांनी, आणि दात सरकणं हे त्यातलं एकच आहे.

एका अलायनरमध्ये दात साधारण पाव मिलिमीटर सरकवायचा असतो. फिरवायचा असेल तर दोनेक अंश. दात आणि हाड यांच्यामध्ये जो मऊ पडदा असतो तोही जेमतेम तेवढाच जाड. ट्रे बसवला की पडदा दबतो आणि दात लगेच थोडा हलतो. पण हाड एका बाजूने झिजून दुसऱ्या बाजूने भरायला दिवस लागतात, तासांत ते होत नाही. दुसरं कारण प्लॅस्टिकचं. ते ताणलेल्या स्थितीत धरून ठेवलं की आतल्या लांब साखळ्या हळूहळू एकमेकींवरून सरकतात आणि आकार तोच असूनही जोर उतरतो. नवी नवार कितीही आवळून विणा, चार दिवसांत खाट झोळ खातेच, तसं. याला स्ट्रेस रिलॅक्सेशन म्हणतात. सगळ्यात मोठी घसरण पहिल्या काही तासांत होते, नंतर ती मंदावते. प्रयोगशाळेतल्या कोरड्या तुकड्यापेक्षा तोंडात ती जास्त होते, कारण तिथे ३७ अंश तापमान आणि चोवीस तास ओल असते. एका दिवसानंतर सुरुवातीच्या जोराचा ढोबळमानाने अर्धा भाग उरतो. शीट, म्हणजे ज्यापासून ट्रे बनवतात तो प्लॅस्टिकचा पत्रा, कुठली त्यावर तो थोडा जास्त किंवा बराच कमी.

म्हणजे तिसऱ्या दिवशी जोर कमी झालाय, काम संपलेलं नाही. खरं तर हाडाला हवा असतो तो हलका, टिकणारा जोर. तो पुढचे दिवस चालू असतो, तुम्हाला जाणवत नाही इतकंच.

आता पाचव्या दिवशी पुढचा लावल्याचा हिशेब करा. समजा, प्रत्येक टप्प्यावर दात ०.०५ मिमी मागे राहिला. पाच ट्रे झाले की तूट ०.२५ मिमी, म्हणजे दात पूर्ण एक अलायनर मागे. त्यानंतर ट्रे दातावर नीट बसतच नाही. उजेडात आरशासमोर उभं राहून पाहा: पुढच्या दातांच्या कडेला आणि प्लॅस्टिकच्या मध्ये हवेची पांढुरकी फट दिसते का? दिसत असेल तर पुढे जायचं नाही, आहे तोच ट्रे घालून डॉक्टरांना दाखवायचं. ट्रे बसवायला दिलेली रबरी च्युई दिवसातून दोनदा पाच-पाच मिनिटं प्रत्येक दाताखाली चावा. त्यावर नुसते दात आपटू नका, दाबून धरा.

आणि एक गोष्ट पत्रात तुम्ही लिहिलेली नाही, पण बहुतेकांच्या बाबतीत घडते. दुपारी जेवायला ट्रे काढला, गप्पांत किंवा झोपेत तीन तास गेले, संध्याकाळी घातला तर पुन्हा आवळतो. तेवढ्या वेळात प्लॅस्टिक थोडं मूळ आकाराकडे परतलेलं असतं आणि दात थोडा मागे फिरलेला असतो. २० ते २२ तास घालायला सांगतात ते याचसाठी.

प्रश्न: मी मिरजेत प्रॅक्टिस करते. लहान लॅबकडून अलायनर करून घेते. शीट विकणाऱ्यांच्या पत्रकांत कुणी ‘सर्वाधिक मॉड्युलस’ (प्लॅस्टिकचा स्वतःचा ताठपणा) म्हणतो, कुणी ‘सर्वांत लवचिक’. पीईटीजी, पॉलियुरेथेन आणि बहुस्तरीय यांत निवड करताना नेमका कुठला आकडा पाहावा? (मिरज)

पत्रकातला एकही आकडा एकट्याने पाहू नका. ते आकडे कोऱ्या, सपाट, कोरड्या शीटचे असतात आणि बहुधा खोलीच्या तापमानाला काढलेले. रुग्णाच्या दातावर जाते ती शीट तापवलेली, दातांच्या मॉडेलवर (प्रतिकृतीवर) ओढलेली, पातळ झालेली आणि लाळेत भिजलेली असते.

पीईटीजीचा मॉड्युलस सुमारे २ गिगापास्कल, ताण सहन करण्याची क्षमता ५० मेगापास्कलच्या आसपास. बाटलीच्या पेट प्लॅस्टिकचंच हे भावंड. पेट तापवून थंड केलं तर स्फटिक बनून दुधाळ होतं. पीईटीजीत मिसळलेला जादा ग्लायकॉल ती रचना जमू देत नाही, म्हणून तापवल्यावरही ते काचेसारखं राहतं. स्वस्त आहे, ओढायला सोपं आहे, पाणी फार पीत नाही: चोवीस तासांत वजनाच्या ०.१ ते ०.२ टक्के. दोष असा की ते ताठ आहे. ताठ याचा अर्थ दर शतांश मिलिमीटरमागे जोर भरपूर चढतो आणि दात जरासा सरकला की तितक्याच वेगाने उतरतो. पहिल्या दिवशी रुग्ण कळवळतो, चौथ्या दिवशी ट्रेमध्ये फारसं काही उरत नाही.

आपल्याला हवा असलेला जोर किती, हे पाठ्यपुस्तकात आहेच: दात कलवायला ३५ ते ६० ग्रॅम, सबंध दात मुळासकट सरकवायला ७० ते १२०, आत दाबायला फक्त १० ते २०. पाव मिलिमीटर सरकवायच्या दातावर ताठ शीटचा ट्रे चढवला तर पहिल्या तासातला जोर या मर्यादेच्या बराच वर जाऊ शकतो. त्यामुळे ‘सर्वाधिक मॉड्युलस’ ही जाहिरात कशाची करतात, हे आम्हाला कधीच कळलेलं नाही.

पॉलियुरेथेन चिवट. सहज तडकत नाही, पुन्हापुन्हा काढ-घाल सोसतं. मात्र पाणी पीईटीजीपेक्षा जास्त शोषतं आणि शोषलेलं पाणी साखळ्यांमध्ये वंगणासारखं शिरून त्याला मऊ करतं. डागही लवकर धरतं. बहुस्तरीय शीटमध्ये बाहेर दोन कडक थर आणि मध्ये रबरासारखा मऊ थर असतो. सुरुवातीचा जोर कमी, पण दात सरकत जाईल तसा तो सावकाश उतरतो, आणि वाकड्या दातावरही ट्रे पूर्ण चढतो. अलाइन टेक्नॉलॉजी या अमेरिकी कंपनीचा इन्व्हिझलाइन १९९८ साली मान्यता मिळून १९९९ मध्ये बाजारात आला. बरीच वर्षं तो एकाच थराच्या पॉलियुरेथेनचा होता. २०१३ मध्ये कंपनी स्मार्टट्रॅक या बहुस्तरीय शीटवर गेली. कारण हेच.

आता जाडी. मॉड्युलसच्या वादात तिच्याकडे दुर्लक्ष होतं. वाकवण्यातला ताठपणा जाडीच्या घनावर अवलंबून असतो. ०.५ मिमीऐवजी ०.७५ मिमी घेतली तर ताठपणा दीडपट होत नाही, ३.४ पट होतो. ०.७५ वरून १ मिमीला गेलात की आणखी २.४ पट. कंपनी बदलून मॉड्युलसमध्ये वीस टक्के फरक पडेल, जाडी एक पायरी बदलून १४० ते २४० टक्के.

आमचा कल असा: समोरच्या दातांतली थोडी गर्दी किंवा फटी एवढंच असेल तर ०.७५ चं पीईटीजी पुरतं, आणि अवघड टप्प्यावर तोच टप्पा आधी ०.५ मध्ये आठवडाभर, मग ०.७५ मध्ये असा दोनदा द्यावा. सुळा किंवा उपदाढ फिरवायची असेल, दात बरेच पुढे-मागे असतील तर बहुस्तरीय घ्या. मात्र गोल दात कुठलंही गुळगुळीत प्लॅस्टिक पकडू शकत नाही. तिथे काँपोझिटचा अटॅचमेंट, म्हणजे दातावर चिकटवलेला छोटा उंचवटा, लागतोच. महागडी शीट घेतली म्हणून तो वाचत नाही. उपचारानंतरच्या रिटेनरला दात हलवायचे नसतात, तिथे १ मिमीचं ताठ पीईटीजीच बरं.

प्रश्न: साताऱ्यात माझी डेंटल लॅब आहे. व्हॅक्यूम मशीनवर पीईटीजीच्या १२५ मिमी गोल शीट ओढतो. पुढे ट्रे घट्ट बसतो, दाढांकडे सैल. कधी कडा जाड राहतात, तर कधी एकाच पाकिटातली एक शीट उत्तम आणि दुसरी बाद. पावसाळ्यात बुडबुडेही येतात. मशीन बदलावं का? (सातारा)

मशीनकडे येऊच, पण आधी विजेचं बघा. ‘एक उत्तम, एक बाद’ हे बहुधा व्होल्टेजचं काम आहे. हीटरची उष्णता व्होल्टेजच्या वर्गावर चालते. २३० चे २०० व्होल्ट झाले तर उष्णता तेरा टक्क्यांनी नाही, चोवीस टक्क्यांनी कमी होते. टायमर मात्र तेवढेच सेकंद मोजतो. शीट वरून मऊ दिसते, गाभ्यात अर्धवट तापलेली असते. ओढली की दाढांच्या खाचांत उतरत नाही. मशीनला स्टॅबिलायझर लावा. घड्याळापेक्षा शीटच्या झोळीवर नजर ठेवा: चिमट्यातली शीट आधी थोडी लहरते, मग सपाट होते, मग मधून समान खाली येते. पातळ शीटला साधारण सेंटिमीटरभर झोळ, १ मिमीला थोडी जास्त. दिवसातली पहिली शीट टाकण्यापूर्वी हीटर पाच-दहा मिनिटं रिकामा चालवा, नाहीतर पहिली आणि पाचवी शीट कधीच सारखी येणार नाही.

पीईटीजी ८० अंशांच्या आसपास मऊ व्हायला लागतं आणि ओढायला ते साधारण १२० ते १५० अंशांपर्यंत न्यावं लागतं. त्याहून जास्त तापवलंत तर झोळ फार पडते, मधला भाग पातळ होतो आणि ट्रे कागदासारखा येतो. झोळ पडल्यावर उशीरही नको. पाऊण मिमीची शीट हीटरखालून बाजूला झाली की दोन-तीन सेकंदांत तिची कातडी गार होते.

आता मशीन. व्हॅक्यूममध्ये शीट दाबते ती बाहेरची हवा. तिचा दाब समुद्रकाठी एक बार. साताऱ्यात, सातशे मीटरच्या वर, पंप कितीही चांगला असला तरी ०.९३ बारच्या पुढे मिळूच शकत नाही. महाबळेश्वरी त्याहून कमी. प्रेशर मशीन कंप्रेसरच्या हवेने वरून चार-सहा बार देतं. दाढांच्या मागची भिंत, दातांच्या मधल्या खाचा, अटॅचमेंटचे कोपरे यांत शीट पूर्ण उतरवायची तर हा फरक निर्णायक आहे. रिटेनर, ब्लीचिंग ट्रे, माउथगार्ड एवढंच करत असाल तर आहे ते मशीन चालू द्या. अलायनरची कामं नियमित येत असतील तर बदला.

तोवर मॉडेल सुधारा. मॉडेलचा तळ उंच असेल तर शीटला तेवढं जास्त खाली उतरावं लागतं, म्हणजे तेवढी जास्त ताणली जाते. हिरडीच्या कडेखाली पाचेक मिमी ठेवून बाकीचा तळ घासून टाका, किंवा मशीनला गोळ्यांचं भांडं असेल तर मॉडेल त्यात तेवढं पुरा. ०.७५ ची शीट ओढल्यावर काही जागी ०.५ वर येते. वरचा घनाचा हिशेब लावा: त्या जागी ताठपणा कोऱ्या शीटच्या तीस टक्केच उरतो. दाढेकडे सैल बसण्यात याचाही हात असतो. दर पाकिटातला एक ट्रे कापून गोल टोकाच्या मायक्रोमीटरने चार-पाच जागी मोजायची सवय लावा: पुढच्या दाताची कड, त्याच दाताचा ओठाकडचा मध्य, पहिल्या दाढेचा वरचा भाग, तिची गालाकडची भिंत.

मॉडेल थ्रीडी प्रिंटरचं असेल तर ते कशाचं आहे ते पाहा. पीएलए या प्लॅस्टिकच्या तारेचं मॉडेल साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं. त्यावर दीडशे अंशांची शीट ओढली की सुळ्याचं टोक बसलंच. रेझिनचं मॉडेल अल्कोहोलमध्ये नीट धुऊन, वाळवून, अतिनील प्रकाशात पूर्ण पक्कं झालेलं हवं. कच्चं राहिलं तर शीटला चिकटतं आणि ट्रेच्या आतल्या बाजूवर चिकट थर सोडतं, तो थेट रुग्णाच्या तोंडात जातो. प्रेशर मशीन घेतलंत तर पोकळ मॉडेल टाळा किंवा त्याची भिंत निदान दोन-अडीच मिमी ठेवा. चार बारला पातळ भिंत आत जाते.

ओढून झाल्यावर दाब लगेच सोडू नका. शीट हाताला कोमट लागेपर्यंत, निदान मिनिटभर, दाबाखालीच राहू द्या. गरम असताना उचललेला ट्रे मॉडेलवर छान दिसतो आणि तोंडात मोकळा बसतो.

बुडबुडे हे हवेतल्या ओलीचे. पीईटीजीला त्याचा त्रास कमी, पण पॉलियुरेथेन आणि पॉलिकार्बोनेट हवेतलं पाणी ओढून घेतात. तापल्यावर त्याची वाफ होते. साताऱ्याच्या जुलै-ऑगस्टमध्ये उघडं पाकीट टेबलावर ठेवणं म्हणजे शीट फुकट घालवणं. पाकीट फोडलं की उरलेल्या शीट घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. ओल धरलेली शीट वाळवता येते, मात्र उत्पादकाने दिलेल्या तापमानाला आणि तेवढेच तास. अंदाजाने भट्टीत टाकू नका. पीईटीजीतही बुडबुडे येत असतील तर ओलीपेक्षा तुम्ही ती जास्त तापवताय, ही शक्यता मोठी.

आणखी एक, कारण तशी विचारणा दोन लॅबवाल्यांनी केली आहे: पाट्या आणि खोके करायची पीईटीजी शीट घाऊक बाजारात खूप स्वस्त मिळते म्हणून ती वापरू नये. नाव एकच असलं तरी तिच्यात उन्हापासून बचावाची किंवा चिकटू नये म्हणूनची रसायनं असू शकतात, जाडीही एकसारखी नसते. तोंडात जाणाऱ्या शीटच्या पाकिटावर आयएसओ १०९९३ नुसार जैवसुसंगतता तपासल्याचा उल्लेख पाहूनच घ्या.

प्रश्न: आमचं हळदीचं अडत दुकान आहे. दिवसभर हळदीत असतो. अलायनर आठवड्यात पिवळा पडतो. गरम पाण्यात उकळला तर जाईल का? त्याने ताकद कमी होते का? (सांगली)

उकळलात तर पिवळेपणा राहील आणि आकार जाईल. पीईटीजीची मऊ व्हायची सुरुवातच ८० अंशांना होते, उकळतं पाणी त्याच्या कितीतरी वर.

हळदीचा रंग, कर्क्युमिन, पाण्यात जवळपास विरघळत नाही. तेलात आणि अल्कोहोलमध्ये विरघळतो. म्हणून नुसतं खळखळून काही होत नाही. पण म्हणून स्पिरिट किंवा सॅनिटायझरने पुसू नका. वाकवलेल्या, ताणाखालच्या प्लॅस्टिकला अल्कोहोल लागलं की त्यात केसासारख्या बारीक चिरा पडू शकतात. थंड पाणी, भांड्यांचा किंवा हात धुण्याचा पातळ साबण आणि मऊ ब्रश एवढं पुरे. टूथपेस्टमध्ये घासणारी भुकटी असते. तिने ओरखडे पडतात आणि त्यांत हळद आणखी घट्ट बसते. कवळीसाठी मिळणारी गोळी कोमट पाण्यात टाकून पंधरा मिनिटं बुडवली तरी चालते. कर्क्युमिन उजेडाने फिकं पडतं, हे साडीवर डाग पडलेल्या प्रत्येकीला माहीत आहे. रिटेनर असेल तर तो साध्या पाण्याच्या वाटीत बुडवून सकाळच्या उन्हात वीस मिनिटं ठेवा. पाण्यामुळे तो तापत नाही. दहा दिवसांच्या अलायनरसाठी एवढा खटाटोप कशाला!

डाग वरवरचा असतो, त्याने जोर कमी होत नाही. जेवण करून चूळ न भरता ट्रे घालणं ही मात्र खरी खोड. दातावर राहिलेली आमटी दोन तास प्लॅस्टिकच्या आत कोंडली की ट्रे पिवळा होणारच, आणि लाळ तिथे पोचत नसल्याने दात किडण्याचीही सोय होते. ट्रे घालून उसाचा रस किंवा गोड चहा पिण्याचं तेच.

याच विषयावर तासगावहून एका भगिनीने मिश्रीबद्दल विचारलं आहे. मिश्रीची पूड खरखरीत असते आणि ट्रेच्या आत अडकली तर बावीस तास हिरडीला चिकटून राहते. तंबाखूने हिरड्या अशक्त होतात आणि अशक्त हिरड्यांतून दात सरकवणं धोक्याचं. उपचार सुरू करायच्या आधीच सोडा, आणि सवय आहे हे डॉक्टरांपासून लपवू नका.

प्रश्न: ट्रे घालून गरम चहा चालतो का? गाडीत राहिला तर? (वाई)

दोन्ही नको. साठ-पासष्ट अंशांच्या चहाने ट्रे वितळणार नाही, पण त्या तापमानाला साखळ्या फार सहज सरकतात, म्हणजे दहा दिवसांत उतरायचा जोर भराभर उतरतो. बंद गाडीत, एप्रिलमध्ये, काचेखालचा भाग सत्तर अंशांच्या पुढे जाऊ शकतो. डब्यात घालून, डबा सोबत.

प्रश्न: मुलीचं वय चौदा. या प्लॅस्टिकमधून बीपीए पोटात जातं का? (जत)

पीईटीजी बनवताना बिस्फेनॉल-ए (बीपीए) वापरलंच जात नाही. पॉलिकार्बोनेट मात्र त्यापासूनच बनतं, म्हणून शीट कुठली हे डॉक्टरांना विचारा आणि ते नाव लिहून घ्या. सांगायला कुणी नकार देत असेल तर तो प्रश्न शीटपेक्षा मोठा आहे.

प्रश्न: मी एमडीएस (दंतवैद्यकातलं पदव्युत्तर शिक्षण) करतो. प्रबंधासाठी तीन प्रकारच्या शीटची वाकवण्याची चाचणी करायची आहे. जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात यूटीएम (ओढून-दाबून ताकद मोजायचं यंत्र) आहे. पहिल्या फेरीत आकडे इतके विखुरले की काही अर्थच लागेना. (कराड)

तुमच्या पत्रातच उत्तर आहे: लोड सेल (यंत्राचा जोर मोजणारा भाग) ५० किलोन्यूटनचा. तो सळ्या तोडायला. तुमचा जोर किती येणार ते आधी कागदावर काढा. १० मिमी रुंद, ०.७५ मिमी जाड पट्टी, आधारांमधलं अंतर १२ मिमी, मॉड्युलस २००० मेगापास्कल, मध्ये ०.२५ मिमी दाबली, तर जोर येतो साधारण ४.९ न्यूटन. पट्टी ०.५ मिमीची असेल तर फक्त १.४५ न्यूटन. ५० किलोन्यूटनच्या सेलला हे दिसतच नाही, दिसतो तो त्याचा स्वतःचा गोंगाट. ५० किंवा १०० न्यूटनचा सेल मागवा. तो नसेल तर प्लॅस्टिक किंवा कापड तपासणाऱ्या विभागात चौकशी करा.

दुसरं, जाडी. मॉड्युलसच्या सूत्रात ती घनात येते. ०.५ मिमीच्या पट्टीत ०.०२ मिमीची चूक म्हणजे चार टक्के, पण उत्तरात बारा टक्के. पाकिटावरची जाडी लिहू नका. प्रत्येक पट्टी तीन जागी मोजा आणि ती शतांश मिमी दाखवणाऱ्या साधनाने. लॅबमधला दशांश मिमीचा गेज इथे कामाचा नाही. आधारांमधलं अंतर जाडीच्या सोळापट ठेवायचा प्रघात आहे: ०.७५ ला १२ मिमी, ०.५ ला ८ मिमी. सगळ्यांना एकच अंतर ठेवलंत तर पातळ आणि जाड पट्ट्यांवरची विकृती सारखी राहत नाही आणि तुलना फसते. वेगही हळू हवा. १२ मिमी अंतर आणि ०.७५ जाडीला मिनिटाला ०.३ मिमीच्या आसपास. प्लॅस्टिक वेगाने दाबलं की खोटा ताठपणा दाखवतं.

तिसरं, नमुने. कोऱ्या शीटच्या पट्ट्यांवर प्रबंध लिहिलात तर तो शीट विकणाऱ्याच्या उपयोगाचा होईल. दोन गट करा: कोऱ्या आणि ओढलेल्या. ओढण्यासाठी दातांऐवजी सपाट माथ्याचा आयताकृती ठोकळा छापून घ्या, त्याच्या माथ्यावरून पट्ट्या कापा. कापताना बर (कापायचं फिरतं टोक) तापला तर कड वितळते. कमी वेगाने, मध्ये थांबत कापा आणि कडा ओल्या बारीक पॉलिश पेपरने साफ करा. मग ३७ अंशांच्या पाण्यात चोवीस तास ठेवून ओल्याच पट्टीची चाचणी घ्या. पट्टी पुसून वातानुकूलित खोलीत अर्धा तास ठेवलीत तर ती वेगळीच वस्तू होते.

आणि आमच्या मते मॉड्युलस हा प्रबंधाचा दुय्यम भाग असावा. पट्टी ठरावीक अंतर खाली दाबून तशीच धरून ठेवा आणि जोर चोवीस तास नोंदवा: पहिल्या तासात दर मिनिटाला, नंतर दर पंधरा मिनिटांनी. रोग्याला उपयोगी पडेल तो हाच आलेख. मात्र यासाठी यूटीएम पूर्ण दिवस अडकतो, तेव्हा विभागप्रमुखांशी आधी बोलून घ्या. वीज गेली की नमुना बाद, म्हणून यूपीएसही बघा.

प्रश्न: दर दुसरा अलायनर शेवटच्या दाढेपाशी किंवा सुळ्याच्या मागे चिरतो. शीट हलकी आहे की चावण्यामुळे? (पलूस)

चावण्यामुळे क्वचित. चीर जवळजवळ नेहमी कडेपासून सुरू होते, आणि ती कशी सुरू झाली ते भिंग घेऊन पाहिलं तर कळतं. कड गुळगुळीत असून एकाच बाजूच्या दाढेपाशी पांढरट रेघ असेल तर ट्रे काढण्याची पद्धत चुकतेय. रोज एकाच अंगठ्याने, एकाच बाजूने, गालाकडून ओढला की तीच जागा दिवसातून चार-पाच वेळा वाकते. आतल्या बाजूने, म्हणजे जिभेकडून किंवा टाळूकडून, आधी एका दाढेवरून नखाने सोडवा, मग दुसऱ्या दाढेवरून, आणि शेवटी पुढून सरळ उचला. एका टोकाला धरून सोलायचा नाही.

कडेवर दातेरी खुणा असतील, किंवा दोन दातांमध्ये हिरडीच्या टोकाशी कट टोकदार इंग्रजी ‘व्ही’सारखा असेल, तर दोष लॅबचा. टोकदार कोपऱ्यात सगळा ताण एकवटतो. तो कोपरा गोल करून द्यायला सांगा. हिरडीच्या प्रत्येक वळणाबरोबर कड कापण्यापेक्षा हिरडीच्या कडेपलीकडे दोनेक मिमी सरळ रेषेत कापलेला ट्रे जास्त मजबूत राहतो आणि दातांनाही जास्त घट्ट धरतो. फक्त कड हिरडीला टोचत नाही ना, तेवढं पाहावं लागतं.

चिरलेला ट्रे चिकटवू नका, तोंडात चालेल असा घरगुती गोंद नसतो. टप्पा संपायला एक-दोन दिवस उरले असतील तर डॉक्टरांना फोन करून पुढचा लावता येईल का ते विचारा. त्याहून जास्त उरले असतील तर बहुधा मागचा ट्रे घालून थांबायला सांगतील. म्हणून मागचा एक ट्रे धुऊन, नाव-क्रमांक टाकून नेहमी ठेवलेला असावा.